अकापुल्कोची माहिती

"नंबर का दिसत नाहीये?" फोन उचलताच गौरांगनं विचारलं.

"कॉलिंग कार्डवरून करतेय ना," मुक्ता म्हणाली. "म्हणून."

गौरांगनं स्पीकर लावला. शेजारी घेवडा मोडत बसलेल्या यमुनाबाईंनी लगेच टीव्ही बंद केला.

तिघं जर्मनीत कार्ल्सरूहेला राहायची. मुक्ता तिथेच पीएचडी करत होती. मेक्सिकोत, अकापुल्कोला आठवडाभर परिषद आहे, हे तिनं गौरांगला महिनाभर आधीच सांगितलं होतं. शुक्रवारी तो गेर्लिंगेनला ऑफिसात गेल्यावर यमुनाबाईच सुनेला ट्रामपर्यंत पोचवून आल्या. तेव्हापासून त्यांना नीट झोप नव्हती.

"एकटी आहेस?"

"हो. रूमवर."

"दार आतून लावलंयस?"

"लावलंय."

"बाहेर पडू नकोस. मी नेटवर वाचलं, मागच्या महिन्यात तिथे पोलिसांची मुंडकी कापून सरकारी ऑफिससमोर टाकली होती. पोलिसांची! तुला कोण वाचवणार आहे?"

यमुनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आज सगळ्यांबरोबर बसनं शहर बघितलं," मुक्ता म्हणाली. "टेकडीवर जुना किल्ला आहे. चाच्यांपासून बंदर राखायला बांधलेला. त्या काळी मनिलाहून स्पॅनिश जहाजं यायची. रेशीम, मसाले, आणि माणसंसुद्धा. गुलाम."

"सगळ्यांबरोबर म्हणजे कोणाबरोबर?"

यमुनाबाई घाईघाईनं फोनकडे वाकल्या. "माणसं कुठली गं?"

"आशियातली, आई. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून चाच्यांनी पळवलेली एक मुलगीही होती. कोचीन, मनिला, आणि तिथून इथे."

"अगं बाई! घरी गेली का मग परत?"

"नाही. मालक मेल्यावर सुटली. पण राहिली तिकडेच."

"इतिहास पुरे," गौरांग म्हणाला. "उद्या याच वेळी फोन. काल उशीर केला होतास."

फोन ठेवून तो खिडकीशी गेला. "आई, मला भीती वाटते," तो म्हणाला. "तिला जाऊच द्यायला नको होतं."

"येईल रे," यमुनाबाई म्हणाल्या.

नंतरचे दिवस असेच गेले. मुक्ता कड्यावरून समुद्रात उड्या मारणाऱ्या तरुणांबद्दल सांगायची, कोळ्यांच्या गावावर एकाएकी हॉटेलं कशी उभी राहिली ते सांगायची. गौरांग दाराबद्दल विचारायचा. फोन वाजला की यमुनाबाई धास्तावायच्या. नाही वाजला तर जास्तच.

गुरुवारी फोन आलाच नाही. गौरांगनं हॉटेलचं नाव शोधून तिकडे फोन लावला. पलीकडच्या माणसाला इंग्रजी जेमतेम येत होतं. अशी पाहुणी आमच्याकडे नाही, एवढंच गौरांगला कळलं. त्यानं रिसीव्हर आपटला. यमुनाबाई देवाच्या तसबिरीसमोर जाऊन बसल्या. हात जोडलेले, पण ओठांवर कुठलंच स्तोत्र येईना.

शनिवारी तो फ्रँकफर्टच्या विमानतळावर गेला. शेवटचा प्रवासी बाहेर आला, तरी मुक्ता नव्हती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, या नावाचं कोणी या विमानात नव्हतंच.

दुपारी तो घरी परतला.

"टोळीवाल्यांनी उचललं असणार तिला! मी पोलिसांत जातो."

"थोडं पाणी पी आधी," यमुनाबाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दोन पोलीस उभे होते, एक तरुण आणि एक प्रौढ बाई.

"सापडली का?" गौरांग जर्मनमध्ये ओरडलाच. "माझी बायको! मेक्सिकोत हरवलीय ती!"

"तुमच्या पत्नी सुखरूप आहेत," बाई शांतपणे म्हणाली. "त्या जर्मनीतून बाहेर गेल्याच नव्हत्या. त्या कुठे आहेत ते आम्ही तुम्हाला सांगणार नाही. यापुढे तुम्ही त्यांच्या जवळपास फिरकायचं नाही, असा कोर्टाचा आदेश आहे."

मग बाईची नजर गौरांगच्या खांद्यावरून मागे गेली, म्हणून तोही वळला.

यमुनाबाई कोट घालून, बॅग घेऊन पॅसेजमध्ये उभ्या होत्या. मुलाकडे न बघता, सुनेकडून घोकून घेतलेलं एकमेव जर्मन वाक्य त्यांनी सावकाश म्हटलं, "हा मलाही मारतो."