फाटलेला झेंडा

“खाजगीत, संपूर्ण जाळावा, मान राखून,” सावंतबाईंनी नियम पुन्हा वाचला. समुद्रवाऱ्यानं फाटलेला शाळेचा झेंडा मागच्या अंगणात गोवऱ्यांवर ठेवून शिपाई रावजी काडेपेटी घेऊन नुसताच बसला होता.

“बाई, काडी आधी कुठल्या रंगाला लावू?”

केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा, हिरवा समृद्धीचा, असं बाई दरवर्षी मुलांना शिकवायच्या. त्यांनी नियमाचा कागद उलटून पाहिला. “ते नियमात नाही हो.”

शेवटी रावजीनं चपला काढल्या आणि खालच्या गोवऱ्याच पेटवल्या. खादीचा शेवटचा धागा जळेपर्यंत दोघं उभी राहिली. मग बाई शेजारच्या आपल्या राहत्या खोलीकडे गेल्या. रावजी विहिरीवर गेला आणि डोक्यावरून अंघोळ करून आला.

ऑफिसात बाई परतल्या होत्या. टेबलावर उद्याच्या पंधरा ऑगस्टचा नवा झेंडा होता. वीस वर्षं झेंड्याची गाठ रावजीच बांधत आला होता. आज त्याचा पाय उंबऱ्यातच अडला.

“बाई, मी शिवू ना याला? की मला सुतक लागलंय?”

“मलाही तेच कळेना, रावजीभाऊ.”

त्यानं वर पाहिलं. बाईंच्याही केसांतून पाणी निथळत होतं.