नुसतं बघायला

भेटायला येणारा प्रत्येक जण हार घातलेल्या फोटोला हात जोडून चटईवर टेकला, की तेच बोलायचा. "वायरमन म्हणजे देवमाणूस! नुसतं बघायला बोलावलं, तर पैसाही घ्यायचा नाही."

पहिल्या दिवशी ते ऐकून शालनला भरून आलं होतं. आता तिला फक्त नवऱ्याची स्कूटर दिसत होती, पेट्रोल संपलं म्हणून भर उन्हात त्याने ढकलत आणलेली. "अहो, निदान येण्याजाण्याचे तरी मागत जा," ती कळवळून म्हणायची. "नुसता फ्यूज तर गेला होता. त्याचे काय मागायचे?" म्हणत तो घाम पुसायचा.

एवढ्यात फोटोजवळ ठेवलेला त्याचा मोबाइल वाजला. शालनने उचलला. पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "वायरमन आहेत का? पंखा फिरत नाही. जरा नुसतं बघून जायला सांगा."

शालनने कोपऱ्यात पाहिलं. बापाच्या हाताखाली काम शिकलेली लेक त्याची हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"ते गेले," शालन म्हणाली. "त्यांची मुलगी येईल. नुसतं बघायचे दोनशे रुपये पडतील."

चटईवरच्या एकानेही मान वर केली नाही.