सातची शिट्टी

सव्वीस वर्षं दर रविवारी सकाळी सातला अध्यक्ष गल्लीत शिट्टी वाजवायचे, "चला, सफाईला!" एकही दार उघडायचं नाही. मग गल्ली समितीचे अध्यक्षही तेच आणि झाडणारेही तेच. "कशाला या लष्कराच्या भाकऱ्या भाजता?" बायको करवादायची. "येतील गं, एक दिवस सगळे येतील," म्हणत ते झाडू उचलायचे. शनिवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. रविवारी सातला शिट्टी वाजली नाही, तरी अख्खी गल्ली अंत्ययात्रेला दारात उभी. मुंगी शिरायला जागा नाही आणि पायाखाली आठवड्याचा कचरा. "वहिनी, उचलायचं ना?" शेजारच्या शिंप्यानं हलकेच विचारलं. ती उठली. खुंटीवरची शिट्टी काढून तिनं जीव खाऊन फुंकली. आवाज मध्येच फाटला. दारामागचा झाडू तिनं शिंप्याच्या हातात दिला. "आधी गल्ली झाडा सगळ्यांनी. मग उचला त्यांना."