नावाआधीचा शब्द

कोणी कवी म्हटलं की प्रसेनजितचं डोकं फिरायचं. मोताळ्याच्या कार्यक्रमात निवेदिका म्हणाली, "आता येताहेत आपले तरुण कवी..." त्यानं तिच्या हातातून माईकच घेतला.

"मी रॅपर आहो, ताई. कवी म्हणजे ते समोर शाल पांघरून बसले ते. त्यायच्यात मले धरू नका."

पुढच्या महिन्यात त्याचे वडील गुलाबराव वारले. चाळीस वर्षं ते दर जयंतीला स्वतः लिहिलेली गाणी गायचे. लोक त्यांना गाणेवाला म्हणायचे. तालुक्याच्या कविसंमेलनात त्यांना कधी खुर्ची मिळाली नाही, सतरंज्या मात्र दरवर्षी तेच अंथरायचे.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, पत्रिकेचा नमुना घेऊन प्रेसवाला मित्र भागवत घरी आला. वडिलांच्या नावाआधी त्यानं 'गायक' टाकलं होतं. प्रसेनजितनं तो शब्द इतक्या जोरात खोडला की कागद फाटला.

"काऊन बे, बाबा गातच होते ना?" भागवत म्हणाला. "मंग काय टाकू?"

 

"कवी टाक. आन् त्या शालवाल्यायच्या घरी पत्रिका द्याले मी सोता जातो."