लेपाखालचा अंगठा

"नाक कापलंत माझं!" साहेबांनी पत्रा टेबलावर आपटला. मॅग्नेशियमचा पत्रा तो, वजनाला इतका हलका की आपटूनही म्हणावा तसा आवाज होईना. साहेबांना त्याचाही राग आला.

समोर उभ्या लेपवाल्या बाईंनी मान खाली घातली. सहा पत्र्यांना त्यांनी तोच तीन थरांचा लेप दिला होता. लेप टिकतो का ते बघायला सहाही पत्रे महिनाभर मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली ठेवले होते. पाच लख्ख निघाले. सहाव्याचा लेप मात्र फुगला आणि खाली पांढरी पूड धरली. आता गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस येऊन बसले होते आणि साहेबांनी बाईंच्या बडतर्फीचं पत्र टाइप करूनच आणलं होतं. वीस वर्षांची नोकरी, आणि घरात कमावतं माणूस काय ते एकच.

तपासनीसांनी भिंग लावलं. "लेपात खोट नाही. लेपाच्या आधी कोणीतरी उघड्या पत्र्याला घामट हात लावलाय. घामातलं मीठ आत कोंडलं, त्यानं धातू खाल्ला. हा बघा, अख्खा अंगठा उमटलाय."

बाईंनी चटकन वर पाहिलं. "साहेब, मला आठवतंय, त्या दिवशी—"

"तुम्ही गप्प बसा! चोर आत्ता सापडतो." साहेबांना भलताच चेव चढला. "शिक्क्याची शाई आणा. सगळ्यांचे अंगठे घ्या!"

खात्यातली सात माणसं रांगेत उभी राहिली. पहिला मान बाईंचा. त्यांनी शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला. ठसा जुळला नाही. मग फोरमन झाले, तपासणीवाले झाले. झाडूवाल्या मावशी लेपाच्या खोलीत कधी फिरकल्याही नव्हत्या, पण साहेबांनी त्यांनाही सोडलं नाही. सातांतला एकही ठसा जुळेना.

तपासनीसांनी शाईची डबी साहेबांकडे सरकवली. "तुमचा राहिला."

"माझा?" साहेब खो खो हसले. "अहो, विचारा या लोकांना. मी कधी कामाला हात लावतो का?"

आता मात्र बाईंना राहवलं नाही.

"त्या दिवशी पाहुण्यांपुढे 'पिसासारखा हलका' म्हणत उघडा पत्रा उचललात, साहेब. पुन्हा धुते म्हटलं, तर वेळ नाही म्हणालात. वीस वर्षांत कामाला हात तेवढा एकदाच लावलात."