येते हं

दिगंबररावांच्या मनगटावरचा पट्टा आजही दुपारी लाल झाला, आणि वसुधाबाईंचा संशय पक्का झाला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर नवऱ्याच्या तोंडात "बरं" एवढाच शब्द उरला होता. मनातली घालमेल आता पट्टाच दाखवायचा, वसुधाबाईंच्या फोनवरही. आणि तो लाल व्हायचा नेमका वसुधाबाई बाहेर पडल्यावर, घरात त्यांना सांभाळायला ठेवलेली ब्युरोची बाई शेवंता एकटी असताना.

"तू ह्यांना काही बोलतेस का गं?"

"मी कशाला बोलू, बाई? तुम्ही गेलात की दाराकडे बघत बसतात."

वसुधाबाईंना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चपला घातल्या, "येते हं" म्हटलं आणि मुद्दाम मागे वळून पाहिलं. शेवंता अजून स्वयंपाकघरातच होती. पट्टा मात्र लाल झाला होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांच्याशी सरळ बोला, आडवळणाचं कळणार नाही. आणि बायको रोज "येते" म्हणून निघून जात होती.

वसुधाबाईंनी चौकट धरली. उंबऱ्यात उभं राहून पुढचा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता.

"मी जाते," त्या म्हणाल्या. "चहाच्या वेळेला परत येईन."

"बरं," दिगंबरराव म्हणाले. या वेळी पट्ट्याचंही तेच म्हणणं होतं.