परत बघण्यासारखा

या उन्हाळ्यात कुंभकोणमच्या टॉकीजला लागलेला एकही नवा सिनेमा सेतुरामरावांनी सोडला नाही, आणि एकालाही बरं म्हटलं नाही. दुपारचा खेळ पाहून ते घामाघूम होऊन ओट्यावर टेकायचे, शेजारचे व्यंकोबा "कसा आहे?" म्हणायचे, की राव सुरू!

"नायक उगाच ओरडतो. लढाई लुटुपुटूची. नाचात पोरींची ही गर्दी, पण एकीचं तोंड धड दाखवतील तर शपथ!"

दाराआड त्यांच्या बायकोच्या, कामाक्षीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गेल्या मार्गशीर्षात शिवकामी सिनेमात नाचायला मद्रासला पळाली, तेव्हा याच माणसानं कावेरीत बुडी मारून पोटच्या पोरीच्या नावानं आंघोळ केली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायचीही चोरी. आणि आता स्वतः खुशाल सिनेमे बघत हिंडतात!

आज मात्र राव आले ते गप्पच. व्यंकोबांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "फार चांगला आहे. मी उद्या परत जाणार."

"असं? कथा काय आहे?"

"कथेकडे कुणाचं लक्ष होतं!" राव म्हणाले, आणि घाम पुसावा तसे अंगवस्त्रानं डोळे पुसत आत आले.

कामाक्षी दारातून बाजूला झाली. तिनं केळीचं पान मांडलं, आणि भात वाढता वाढता खालमानेनं विचारलं,



"बारीक झालीय का हो?"